कंपनीची गाडी, आपला एनसीबी

नोकरीचं पत्र हातात पडलं आणि त्यात ‘कंपनी कार’ असा उल्लेख असला, की माणूस आधी मॉडेल बघतो, मग पगारातून महिन्याला किती कापणार ते, आणि मग कराचा हिशेब. ऐरोली, घणसोली, महापे, तुर्भे, पुढे बेलापूर या पट्ट्यात असं पत्र मिळणारे लोक कमी नाहीत. घरची जुनी गाडी मग उगाच जागा अडवते असं वाटू लागतं, सोसायटीतल्या पार्किंगवरून आधीच वाद असतात, आणि गाडी विकली जाते. त्या गाडीच्या विम्यावर पाच-सहा वर्षं एकही क्लेम न करता जमवलेली सवलत कुठे गेली, हे तेव्हा कोणी विचारत नाही. विचारायची वेळ येते ती नोकरी बदलल्यावर, स्वतःची नवी गाडी घेताना. तोवर एजंटाचं उत्तर ठरलेलं असतं: “साहेब, आता झिरोपासून.”

झिरोपासून सुरुवात करावी लागेलच असं नाही. पण ती टाळायची असेल तर कामं गाडी विकण्याच्या आधी आणि विकताना करायची असतात, नंतर नाही.

या सवलतीचं नाव ‘नो क्लेम बोनस’, बोलताना नुसतं एनसीबी. तिचे नियम १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या ‘इंडिया मोटर टॅरिफ’मधल्या सत्ताविसाव्या नियमात आहेत. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले आणि प्रत्येक कंपनी आपापला दर लावू लागली, पण एनसीबीची शिडी तीच राहिली. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, दोन वर्षं नाही तर २५, तीन वर्षं ३५, चार वर्षं ४५ आणि पाच वर्षं झाली की ५०. त्याच्या वर पायरी नाही. २००२च्या आधीच्या टॅरिफमध्ये ५५ आणि ६५ टक्केही होते. त्यावेळी ज्यांना ते मिळत होते त्यांचे ते पुढचा क्लेम येईपर्यंत राखले गेले, नव्यांना मिळाले नाहीत.

क्लेम केला, की पुढच्या नूतनीकरणाला थेट शून्य. ब्रिटनमध्ये एका क्लेमनंतर सहसा दोन-तीन पायऱ्या खाली यावं लागतं. आपल्याकडे शिडीवरून जमिनीवरच.

प्रीमियमच्या कागदावर वरपासून खालपर्यंत बघितलं तर निदान दोन मोठे भाग दिसतात. एक ‘ओन डॅमेज’, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा. दुसरा ‘थर्ड पार्टी’, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा. त्याखाली मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा, झिरो डेप्रिसिएशनसारखी जास्तीची कव्हरं, आणि शेवटी १८ टक्के जीएसटी. एनसीबी लागतो तो फक्त ओन डॅमेजवर. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये आहेत. इथे सवलतीचा प्रश्नच नाही. एनसीबी कमवायचा आणि गमवायचा तो ओन डॅमेजच्याच रकान्यात.

आता मुद्द्याचं. एनसीबी गाडीचा नसतो, विमा ज्याच्या नावावर आहे त्या माणसाचा असतो. गाडी विकली तर ती नव्या मालकाकडे जाते, सवलत जुन्या मालकाकडे राहते. नवा मालक पॉलिसी आपल्या नावावर करून घेतो तेव्हा त्याचा स्वतःचा एनसीबी नसेल, तर उरलेल्या मुदतीचा फरक विमा कंपनी त्याच्याकडून भरून घेते. याला एजंट मंडळी ‘एनसीबी रिकव्हरी’ म्हणतात. नोकरी बदलली तरी पीएफचा यूएएन हा कायमचा क्रमांक आपल्याबरोबर येतो, तसं हे आहे. फक्त पीएफला जी सोशिकता आहे ती याला नाही. तीन वर्षं हात लावला नाही, तर हा नाहीसा होतो.

कंपनीची गाडी चालवताना नेमकी गोची इथेच होते. पॉलिसी तुमच्या नावावर नसते, त्यामुळे तुम्ही कितीही सांभाळून चालवा, तुमच्या खात्यावर काही जमा होत नाही. आणि तुमची आधीची कमाई वापराविना पडून राहते.

‘कंपनीची गाडी’ या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात, त्यामुळे आधी आरसी काढून बघावी. पहिला प्रकार: आरसीवर आणि पॉलिसीवर कंपनीचंच नाव, गाडी तुम्हाला दिलेली. दुसरा: पगाराच्या रचनेतली लीजची गाडी. हिच्या आरसीवर बहुधा लीज कंपनीचं नाव असतं, हप्ता तुमच्या पगारातून जातो आणि विमाही तीच मंडळी उतरवतात. तिसरा: पिवळ्या पाटीची गाडी, चालकासकट, सकाळी खारघरहून उचलते आणि रात्री सोडते. हिच्याशी तुमचा विम्याच्या दृष्टीने काहीच संबंध नाही. चौथा प्रकार असा, की गाडी तुमच्याच नावावर आणि कंपनी हप्ता किंवा पेट्रोल-देखभालीचे पैसे देते. एनसीबीच्या दृष्टीने हा सगळ्यात सरळ, कारण पॉलिसी तुमची, क्लेम तुमचा, सवलतही तुमची. नोकरी ठरवताना निवड करायला मिळत असेल तर कराच्या हिशेबाशेजारी हाही हिशेब मांडून बघावा. पुष्कळांना तो मांडता येतो हेच ठाऊक नसतं.

पहिल्या दोन प्रकारांत आणखी एक फरक पडतो, आणि तो एनसीबीपेक्षा महत्त्वाचा आहे. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा माणसाच्या नावावरच्या गाडीलाच मिळतो. मालक कंपनी असेल तर तो त्या पॉलिसीत नसतोच. १ जानेवारी २०१९ पासून तो गाडीच्या विम्यापासून वेगळा घेता येतो. पाम बीच रोडवर रोज ये-जा करणाऱ्याने कंपनीच्या पॉलिसीत चालवणाऱ्यासाठी काय आहे ते विचारावं आणि नसेल तर स्वतःचा अपघात विमा घ्यावा.

एनसीबीकडे परत येऊ. स्वतःची गाडी विकून कंपनीची घेतली, तर जुनी सवलत जपायचा मार्ग टॅरिफनेच दिलेला आहे. गाडी विकली आणि लगेच दुसरी घेतली नाही, तरी आधीच्या विम्याची मुदत संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नवा विमा घेतला तर तीच टक्केवारी लावता येते. त्यासाठी विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं असतं. कोणी त्याला ‘एनसीबी रिझर्व्हिंग लेटर’ म्हणतं, कोणी ‘रिटेन्शन लेटर’. काम एकच. अर्जासोबत लागतात पॉलिसीची प्रत, गाडी हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० यांच्या सही झालेल्या प्रती किंवा खरेदीदाराच्या नावावर झालेली आरसी, आणि तुमचं ओळखपत्र. शहाणपण एवढंच, की जुन्या आरसीची झेरॉक्स आणि फॉर्मच्या प्रती खरेदीदाराला कागद देण्याआधी काढून ठेवाव्यात. एकदा गाडी सानपाड्याच्या एखाद्या जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेली आणि तिथून नाशिकला, की नवी आरसी मिळवायला फोन करत बसावं लागतं.

त्या पत्रावर मुदतीची तारीख छापलेली असते. तीन वर्षं कुठून मोजली आहेत हे त्या तारखेवरून समजून घ्यावं, स्वतःच्या अंदाजाने नव्हे. आणि टक्केवारी कोणती? शेवटचं पूर्ण बारा महिन्यांचं विमा वर्ष संपताना जी मिळाली ती. चालू वर्ष अर्धवट असताना गाडी विकली तर ते वर्ष मोजलं जात नाही. समजा पॉलिसी २० ऑगस्टला संपते, सध्या ३५ टक्के चालू आहेत आणि या वर्षी क्लेम नाही. जूनमध्ये विकली तर पत्र ३५ टक्क्यांचं मिळेल. नूतनीकरण करून ४५ टक्के पदरात पडल्यावर, सप्टेंबरात विकली तर ४५ टक्क्यांचं. दोन-तीन महिने थांबणं शक्य असेल तर थांबावं.

आता तीन वर्षांची मुदत आणि लीजची मुदत शेजारी ठेवून बघा. लीज बहुधा तीन ते पाच वर्षांची असते. चार वर्षांची लीज घेऊन पहिल्याच महिन्यात स्वतःची गाडी विकली, तर लीज संपायच्या साधारण वर्षभर आधीच ते पत्र रद्दी झालेलं असतं. हीच गाडी दीड वर्ष घरी ठेवून मग विकली, तर तीन वर्षांचं पत्र लीज संपेपर्यंत सहज पुरतं. एवढा साधा हिशेब, पण गाडी विकणारा माणूस तेव्हा भाव बघत असतो, तारखा नाही.

वाचवायचं म्हणजे नेमकं किती? कल्पित आकडे घेऊ. नवी, साडेबाराशे सीसीची गाडी. पहिल्या वर्षी ओन डॅमेजचा प्रीमियम २४,००० रुपये, आणि गाडीची किंमत उतरत जाईल तसा पुढच्या वर्षांना २१,०००, १८,५००, १६,५०० आणि १५,००० धरा. हातात ५० टक्के एनसीबी असलेला माणूस पाचही वर्षं निम्मा भरेल. शून्यापासून सुरू करणारा पहिल्या वर्षी पूर्ण भरेल, म्हणजे १२,००० जास्त. दुसऱ्या वर्षी त्याला २० टक्के मिळतील, फरक ६,३००. तिसऱ्या वर्षी २५ टक्के, फरक ४,६२५. चौथ्या वर्षी ३५ टक्के, फरक २,४७५. पाचव्या वर्षी ४५ टक्के, फरक ७५०. एकूण २६,१५०, आणि १८ टक्के जीएसटी धरला तर ३०,८५७ रुपये. तेही पाच वर्षांत एकही क्लेम झाला नाही असं धरून.

या हिशेबात एक गंमत आहे. हीच ५० टक्के सवलत जुन्या ९९८ सीसीच्या गाडीवर असताना तिची किंमत किरकोळ होती. दहा वर्षांच्या गाडीचा ओन डॅमेज दोन-अडीच हजार असला तर सवलत हजार-बाराशेची. टक्केवारी जुन्या स्वस्त गाडीवर कमवायची आणि नव्या महाग गाडीवर वापरायची, हे नियमाला मान्य आहे. अट एकच: दोन्ही गाड्या एकाच वर्गातल्या हव्यात. खासगी मोटारीची सवलत खासगी मोटारीलाच. टॅक्सीची तिला लागत नाही, मोटारसायकलचीही नाही.

म्हणून जुनी छोटी गाडी न विकता घरी ठेवणं हा दुसरा मार्ग. कंपनीच्या गाडीने तुम्ही महाप्याला जाता, घरची गाडी मुलांच्या क्लासला, एपीएमसी मार्केटला, रविवारी पनवेलला. चालवणारं कोणीही असो, पॉलिसी तुमच्या नावावर आहे तोवर सवलत तुमची. खर्च म्हणजे थर्ड पार्टीचे २,०९४, ओन डॅमेजचे हजारभर, अपघात विमा आणि जीएसटी. शिवाय पार्किंग, सर्व्हिसिंग आणि बॅटरी. निव्वळ एनसीबीसाठी गाडी पोसणं मला परवडणारं वाटत नाही. चार वर्षांत विमा आणि देखभालीवर जाणारा पैसा वाचलेल्या सवलतीच्या वर जाईल. घरात गाडीचा खरंच उपयोग असेल तर मात्र ती ठेवण्याचा हा वरचा फायदा. अशा कमी धावणाऱ्या गाडीसाठी २०२२ पासून ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ची परवानगी आहे. किलोमीटर आधी सांगायचे, त्यानुसार ओन डॅमेजचा प्रीमियम कमी होतो.

घरी उभ्या गाडीच्या बाबतीत दोन चुका फार होतात. पहिली: “गाडी उभीच असते, थर्ड पार्टी पुरे.” कायद्याच्या दृष्टीने पुरेही. पण एनसीबी राहतो ओन डॅमेजमध्ये. ते कव्हर बंद केलं आणि पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत पुन्हा घेतलं नाही, की सवलत गेली. तीन वर्षांची मुभा विकलेल्या किंवा वापरातून काढून उभ्या केलेल्या गाडीसाठी आहे. थर्ड पार्टी काढून अधूनमधून फिरवल्या जाणाऱ्या गाडीला ती लावून मागणं कठीण.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते, ओन डॅमेज मात्र बहुधा एकाच वर्षाचं असतं. वर्षभराने ओन डॅमेज संपतं, पण सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत विमा चालू दिसतो, कारण तिथे थर्ड पार्टी जिवंत आहे. पोलीस अडवत नाहीत, ई-चलान येत नाही. कंपनीची गाडी रोज दारात असल्यामुळे घरच्या गाडीच्या पॉलिसीकडे लक्ष जात नाही आणि ९० दिवस निघून जातात. उपाय म्हणजे पॉलिसीच्या पहिल्या पानावरच्या दोन वेगळ्या तारखा फोनमध्ये वेगवेगळ्या नोंदवणं. ओन डॅमेज एकटं घेण्याची सोय सप्टेंबर २०१९ पासून आहे.

आणखी एक घरगुती युक्ती सुचवली जाते: गाडी बायकोच्या नावावर करा, एनसीबी घरातच राहील. नाही राहत. नियमाने जोडीदाराकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे एनसीबी जातो तो मूळ विमाधारकाच्या मृत्यूनंतर, गाडी त्यांच्याकडे गेली तर. जिवंतपणी केलेलं हस्तांतर म्हणजे विक्रीच. बायकोला तिची सवलत शून्यापासून, आणि तुमची तुमच्या पत्रात.

इथवरचं सगळं तुमच्या आधीच्या कमाईचं. कंपनीच्या गाडीवर जी वर्षं तुम्ही सांभाळून काढली त्यांचं काय? त्यासाठीही टॅरिफमध्ये एक तरतूद आहे, आणि ती बहुतेक एचआर विभागांना माहीत नसते. संस्थेच्या मालकीची गाडी एका कर्मचाऱ्याला दिलेली असेल, तीच व्यक्ती ती चालवत असेल, आणि पुढे ती गाडी त्या कर्मचाऱ्याच्या नावावर झाली, तर त्या काळात त्या गाडीवर मिळालेला एनसीबी कर्मचाऱ्याला द्यायचा. अट: मालकी बदलण्याआधी गाडी याच कर्मचाऱ्याला दिलेली होती आणि एनसीबी कमावला त्या काळात ती फक्त तोच वापरत होता, असं कंपनीचं पत्र.

लक्षात घ्या, ही सवलत मिळते ती तीच गाडी विकत घेतली तर. चार वर्षं चालवून गाडी परत केली आणि शोरूममधून दुसरी घेतली, तर कंपनीच्या गाडीवरचा एनसीबी कंपनीकडेच राहतो. पण सरकारी उपक्रमांत आणि मोठ्या खासगी कंपन्यांतही ठरावीक वर्षांनी गाडी पुस्तकी किमतीला कर्मचाऱ्याला विकायची पद्धत आहे. त्यांच्यासाठी हे कलम पैशाचं आहे, कारण तोवर पॉलिसीवर ४५ किंवा ५० टक्के आलेले असतात.

पत्रात काय असावं? कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीने: गाडीचा क्रमांक, इंजिन आणि चॅसिस क्रमांक; कर्मचाऱ्याचं नाव आणि क्रमांक; गाडी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत त्याला दिलेली होती; त्या काळात ती दुसऱ्या कोणाकडे नव्हती, याच्याच ताब्यात आणि वापरात होती, हे वाक्य; त्या काळातल्या पॉलिसींचे क्रमांक आणि चालू एनसीबीची टक्केवारी; आणि गाडी त्याला विकल्याची तारीख. मधलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ‘फक्त तोच वापरत होता’ या अर्थाचे शब्द नसतील तर विमा कंपनीचा माणूस पत्र परत पाठवू शकतो, आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. हे पत्र गाडी घेतानाच मागावं. नोकरी सोडून सहा महिन्यांनी मागितलं, तर ज्या बाईंनी गाड्यांचं काम बघितलं त्याही सोडून गेलेल्या असतात.

गाडी मधल्या काळात पूलमध्ये होती, पाहुण्यांना विमानतळावर सोडायला दुसरा चालक नेत होता, असं असेल तर ते पत्र कंपनीने देऊ नये आणि तुम्ही मागू नये.

लीजच्या गाडीला हे कलम जसंच्या तसं बसत नाही. कलमातली मालक संस्था आणि नोकरी देणारी कंपनी एकच आहे. लीजमध्ये मालक वेगळा, नोकरी देणारा वेगळा. अशा वेळी लीज कंपनीचं आणि नोकरीच्या कंपनीचं, दोन्ही पत्रं घ्यावीत आणि गाडी नावावर करण्याआधी विमा कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर मिळवावं. तोंडी होकारावर विसंबू नये.

गाडी नावावर करण्याचा क्रमही सांगतो. गाडी कर्जावर असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. मग फॉर्म २९ आणि ३० आरटीओकडे, बराचसा भाग आता ‘परिवहन’ संकेतस्थळावर. ऐरोली ते बेलापूरपर्यंत राहणाऱ्यांसाठी एमएच-४३चं नवी मुंबई कार्यालय, खारघर-कामोठे-पनवेलसाठी एमएच-४६चं पनवेल. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर आधी तिथल्या आरटीओचं फॉर्म २८चं प्रमाणपत्र आणि इथला रस्ताकर, म्हणजे आणखी काही आठवडे.

या सगळ्यात पॉलिसीचं हस्तांतर मागे पडू देऊ नये. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज जायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या १५७व्या कलमामुळे थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येते, पण ओन डॅमेजच्या बाबतीत तशी खात्री नाही. गाडी तुमची झाली, पॉलिसी अजून कंपनीच्या नावावर आहे आणि जुईनगरच्या भुयारी मार्गात पाण्यात अडकून इंजिन गेलं, तर क्लेम कोणी करायचा यावरच अडतं. हस्तांतराच्या अर्जाला नोकरीच्या कंपनीचं ते पत्र जोडा. पत्र नसेल तर विमा कंपनी तुमचा एनसीबी शून्य धरून उरलेल्या दिवसांची रिकव्हरी मागेल.

समजा तुमच्याकडे जुन्या गाडीचं ५० टक्क्यांचं पत्र अजून जिवंत आहे आणि कंपनीच्या गाडीवर ३५ टक्के आहेत. एका गाडीला एकच टक्केवारी लागते, दोन्हींची बेरीज होत नाही. मोठी आहे ती लावून घ्यावी.

विमा कंपनी बदलताना एनसीबीचा पुरावा नसेल, तर स्वतः लिहून दिलेल्या प्रतिज्ञेवर सवलत मिळू शकते. नवी विमा कंपनी २१ दिवसांत जुन्या कंपनीला लिहून खात्री करते, जुनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ऑनलाइन पॉलिसी घेताना “गेल्या वर्षी क्लेम केला होता का?” या प्रश्नासमोर चुकीची टिचकी मारली की हीच प्रतिज्ञा झाली. ती खोटी निघाली तर ओन डॅमेजचे सगळे लाभ जातात. कंपनीच्या गाडीवर झालेला क्लेम लोक इथे विसरतात. ती गाडी त्या कलमाखाली तुमच्या नावावर घेत असाल, तर तिचा क्लेम म्हणजे तुमचाच.

म्हणून कंपनीची गाडी पुढे घ्यायची असेल, तर बंपरच्या ओरखड्यासाठी कंपनीच्या पॉलिसीवर क्लेम टाकताना थांबावं. खर्च तुमच्या खिशातून नाही म्हणून क्लेम सोपा वाटतो. पॉलिसीवर ४५ टक्के असतील तर चार हजारांच्या रंगकामासाठी ते उडतात, आणि पुढच्या वर्षी गाडी तुमच्या नावावर आली की ती शून्याची पॉलिसी तुमच्या वाट्याला. एनसीबी प्रोटेक्ट नावाचं जास्तीचं कव्हर आहे. त्यात ठरावीक संख्येचे क्लेम झाले तरी सवलत टिकते. अटी कंपनीगणिक वेगळ्या, त्यामुळे किती क्लेम आणि कोणत्या प्रकारचे, हे वाचून घ्यावं. पावसाळ्यात भुयारी मार्गांत पाणी भरणाऱ्या शहरात मी ते घेईन, पण नव्या गाडीच्या पहिल्या चार-पाच वर्षांतच.

दुबई किंवा मस्कतहून परतलेल्यांसाठी एक जोड. परदेशात मिळवलेली सवलत तिथल्या विमा कंपनीच्या पत्रावर इथल्या नव्या पॉलिसीला लावता येते, तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांत. पण तिथेही गाडी कंपनीच्या नावावर असेल तर पत्र तुमच्या नावाचं मिळणार नाही.

विमा कंपनीने पत्र असूनही एनसीबी नाकारला, तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पूर्वी नवी मुंबईची प्रकरणं पुण्याच्या कार्यालयाकडे जात, मुंबईच्या नव्हे. आता ठाण्याला वेगळं कार्यालय आहे आणि नवी मुंबई त्याच्या हद्दीत येते. तक्रार विमा कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षात करायची, शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र तिथे दाद मिळते ती व्यक्तीच्या पॉलिसीवर. पॉलिसी अजून कंपनीच्या नावावर असेल, तर लोकपालाकडे जाता येत नाही, आधी ती तुमच्या नावावर झालेली असावी लागते.